बिरड्याचा रोजा आणि पळपुटा राजा

श्रावण लागला की बाळकुम, कोलशेत, माजिवडा या ठाण्याच्या जुन्या गावांत वाल भिजत पडतात. मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, मग नारळ-कोकम घालून बिरडे करायचे. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी आगरी-कोळी घरांतला हा रिवाज सुटलेला नाही. त्याच ठाण्यात, बाळकुमपासून काही किलोमीटरवर, जुन्या सिव्हिल हॉस्पिटलजवळ १८७९ साली स्थापन झालेले ‘शआर हशामायिम’ हे सिनेगॉग आहे. तिथे प्रार्थनेला जमणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या वर्षात एक कडक उपवास येतो. त्याचे जुने मराठी नाव ‘बिरड्याचा रोजा’. हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याचा हा नववा दिवस. ते पंचांग आपल्यासारखेच चंद्रावर चालते, त्यातही अधिक महिना असतो, म्हणून हा दिवस बहुधा श्रावणाच्या आणि कधी आषाढाच्या शुद्ध नवमीच्या आगेमागे पडतो. त्या दिवसाच्या जेवणाशी वालाचे बिरडे जोडले गेले आणि उपवासाला तेच नाव मिळाले. शोक मात्र यरुशलेमचा आहे. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने ते शहर पाडले, मंदिर जाळले आणि यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याला साखळदंडात नेले, त्याचा हा स्मरणदिन. राज्यकर्त्याचे पतन आठवायची एक रीत या उपवासाने अडीच हजार वर्षे जपली आहे. ती रीत मराठी माणसाने आपल्या इतिहासाला फारशी लावून पाहिलेली नाही आणि ती लावून पाहावी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

बेने इस्रायल हे कोकणातले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून वंश वाढला, ही त्यांची परंपरागत कथा. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर ही आडनावेच गावे सांगतात. हायेम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात सणांची जुनी मराठी नावे नोंदवलेली आहेत : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण आणि त्यांतच बिरड्याचा रोजा. ज्यू परंपरेत शोकाच्या जेवणात मसूर किंवा तत्सम कडधान्य असते. कोकणात ती जागा वालाने घेतली असावी. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, सरकारी कचेऱ्या वाढल्या, तसतशी ही कुटुंबे नोकरीसाठी वर सरकली आणि आज भारतातली त्यांची सर्वांत मोठी वस्ती ठाण्यातच मानली जाते. म्हणजे हा उपवास ठाण्याच्या इतिहासाचा भाग आहे, पाहुणा नव्हे.

सिद्कीयाची गोष्ट बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात थोडक्यात आणि यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात सविस्तर आली आहे. त्याचे मूळ नाव मत्तन्या. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम पहिल्यांदा घेतले, तरुण राजा यहोयाखीनला बाबेलला नेले आणि त्याच्या या एकवीस वर्षांच्या चुलत्याला नवे नाव देऊन गादीवर बसवले. शहर घेतल्याची आणि आपल्या मर्जीचा राजा नेमल्याची नोंद बाबेलच्या मातीच्या पाटीवरही आहे. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सिद्कीयाने बाबेलशी निष्ठेची शपथ घेतली आणि पुढे मिसरच्या भरवशावर ती मोडली. वेढा पडला. अकरा वर्षांची त्याची कारकीर्द त्या वेढ्यातच संपली. रात्री तटाच्या फटीतून, राजाच्या बागेच्या वाटेने तो पळाला. यरीहोच्या मैदानात पकडला गेला. रिब्ला येथे त्याच्यासमोर त्याची मुले मारण्यात आली, मग त्याचे डोळे काढले आणि पितळी बेड्या घालून त्याला बाबेलला नेले. एवढ्यावर थांबलो, तर बडे राज्य आणि दुबळा मांडलिक यांची ही नेहमीची कथा होते.

पण यिर्मयाच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय थांबू देत नाही. वेढा चालू असताना सिद्कीयाने शहरातल्या सरदारांबरोबर आणि लोकांबरोबर एक करार केला. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे कर्जापायी दास झालेल्या स्वजातीयाला सातव्या वर्षी सोडायचे असे. हा नियम पिढ्यान्पिढ्या पाळला गेला नव्हता. आता संकट दाराशी आले तेव्हा सगळे मंदिरात जमले, वासरू कापून दोन भाग केले, त्या दोन भागांमधून चालत गेले आणि दास-दासींना मुक्त केले. शपथ मोडली तर आपलीही गत या वासरासारखी होवो, असा त्या विधीचा अर्थ. थोड्याच दिवसांत मिसरच्या फारोचे सैन्य निघाल्याची बातमी आली आणि बाबेलकरांनी वेढा तात्पुरता उठवला. भीती ओसरली. त्याबरोबर धन्यांनी सोडलेले दास-दासी पुन्हा पकडून कामाला जुंपले. संदेष्ट्याचा राग उफाळतो तो इथे. त्याच्या लेखी शहराचे भवितव्य ठरले ते याच दिवशी, आणि तो दोषी धरतो ते राजाला, सरदारांना, याजकांना आणि वासराच्या दोन भागांमधून चाललेल्या प्रत्येकाला. करार राजाच्या नावाने झाला, पण तो मोडला घराघरात, ज्याने त्याने आपापल्या ओसरीवर.

राजाचे व्यक्तिचित्रही ग्रंथाने सोपे ठेवलेले नाही. सिद्कीया क्रूर नाही. यिर्मया शरण जाण्याचा सल्ला देतो म्हणून सरदार त्याला मारू पाहतात, तेव्हा राजा म्हणतो की तो तुमच्याच हातात आहे, तुमच्यापुढे माझे काही चालत नाही. संदेष्ट्याला चिखलाच्या हौदात सोडले जाते. मग एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा राजवाड्यातला सेवक, राजाकडे येऊन गाऱ्हाणे घालतो आणि राजा लगेच त्याला माणसे देतो. एबद-मलेख जुनी फडकी घेऊन जातो, दोर काखेत रुतू नये म्हणून ती यिर्मयाला काखेखाली धरायला सांगतो आणि त्याला वर ओढून घेतो. हा तपशील इतका लहान आणि इतका माणुसकीचा आहे की राजाचे सगळे दरबारी त्याच्यापुढे फिके पडतात. नंतर राजा यिर्मयाला गुपचूप बोलावतो, खरे काय ते विचारतो, ऐकतो, आणि तरी काही करत नाही. बाबेलकडे आधीच गेलेले आपलेच लोक आपली अप्रतिष्ठा करतील, याची त्याला भीती वाटते. भेट झाल्याचे कुणाला सांगू नकोस, अशी तो संदेष्ट्याला तंबी देतो. खरे कळणारा, पण उघड बोलू न शकणारा राजा. शत्रूपेक्षा आपल्याच माणसांची भीती बाळगणारे राज्यकर्ते सगळ्या देशांत झाले आहेत. हिब्रू ग्रंथाचे वेगळेपण असे की त्याने हे शत्रूच्या नव्हे, आपल्याच राजाबद्दल लिहून ठेवले आणि पवित्र ग्रंथात ठेवले.

इथे पहिला आक्षेप येतो. नवव्या आवचा शोक मंदिराचा आहे, राजाचा नाही. मग राज्यकर्त्याच्या पतनाशी त्याचा संबंध कशाला जोडायचा? पुढे इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलेले दुसरे मंदिरही याच दिवसाशी जोडले गेले, त्यामुळे हा आक्षेप बरोबर वाटतो. पण त्या रात्री जमिनीवर बसून मंद उजेडात जे वाचले जाते ते विलापगीतांचे पुस्तक आहे, आणि त्याच्या चौथ्या अध्यायात मंदिराइतकाच पकडल्या गेलेल्या राजाचाही शोक आहे, तोही जिवलग गेल्यासारखा. परंपरेने हे पुस्तक यिर्मयाचेच मानले. ज्याने राजाला तोंडावर सुनावले, त्याच्याच नावावर राजासाठीचे रडणे. अभ्यासक कर्तृत्वाबद्दल वेगळे म्हणतील, पण परंपरेने दोन्ही एका माणसाच्या तोंडी घातले हे महत्त्वाचे. दोष दिला म्हणून शोक टळत नाही आणि शोक केला म्हणून दोष पुसला जात नाही. दोन्ही एकाच दिवशी, उपाशी पोटी पेलायचे, अशी ही रीत आहे.

आता ठाण्याकडेच पाहू. ठाणे म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे श्रीस्थानक. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर इ.स. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर कोरलेले आरमारी युद्ध काही अभ्यासक त्याच लढाईचे मानतात. सोमेश्वराचे बुडणे आपल्याला मुख्यतः कुणाकडून कळते? यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीतून. तिथे ते जेत्याच्या तेजाचे वर्णन करायला आले आहे. ठाण्याच्या लोकांनी आपल्या राजाच्या अंताबद्दल काय म्हटले, कोणता दिवस पाळला, याचा मागमूस उरलेला नाही. पतनाच्या स्मरणाची ही एक तऱ्हा : हरलेल्याची आठवण जिंकणाऱ्याच्या कोठारात.

दुसरी तऱ्हा आपल्या अधिक जवळची आहे आणि तिचे धागेही ठाण्यातून जातात. दुसरा बाजीराव ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हडपसरला हरला, पुणे सोडून कोकणात उतरला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह करून परत गादीवर बसला. १८१५ मध्ये पंढरपूरला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा ठपका पेशव्याचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, त्यांना इंग्रजांच्या हवाली करावे लागले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले गेले. हाच किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये ते तिथून निसटले. जून १८१७ चा पुण्याचा तह, नोव्हेंबरातली खडकीची लढाई, महिनोन्‌महिने चाललेला पाठलाग आणि जून १८१८ मध्ये माल्कमपुढे शरणागती. सालिना आठ लाखांचे पेन्शन आणि बिठूर. मराठी स्मृतीने या साऱ्याचा निकाल एका विशेषणात लावला : पळपुटा. शाळकरी मुलालाही ते ठाऊक असते. पण फेब्रुवारी १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने साताऱ्यातून जाहीरनामा काढला, वतने-इनामे राखली जातील असे आश्वासन दिले, त्यानंतर किती सरदार-जहागीरदार पेशव्याला सोडून घरी गेले, हे त्या विशेषणात मावत नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लावले ते बाळाजीपंत नातूंनी, हेही नाही. एकाला पळपुटा म्हटले की बाकीचे सगळे जागच्या जागी उभे होते असा समज होतो, आणि तो खोटा आहे.

सिद्कीयाही पळपुटाच होता, अगदी अक्षरशः, रात्रीच्या अंधारात तटाच्या फटीतून निघालेला. तरी त्याच्या लोकांनी त्याच्या पळण्यावर सगळा हिशेब मिटवला नाही. त्यांनी दास परत पकडणाऱ्या धन्यांचा अध्याय सांभाळला. सल्ला नको म्हणणाऱ्या सरदारांची नावे लिहून ठेवली. आणि दरवर्षी उपाशी राहण्याचे काम कुण्या राजघराण्यावर किंवा याजकांवर सोपवले नाही. ज्यांच्या पूर्वजांत कुणी राजा नव्हता त्या कोकणातल्या तेल्यांनीही हा उपवास आपला मानला. राजाच्या पतनाचा हिशेब सामान्य माणसाने आपल्या पोटावर घ्यायचा, हे मला या प्रथेचे सर्वांत मोठे आध्यात्मिक धन वाटते.

यावर कुणी म्हणेल, हे अन्यायाचे आहे. घाण्यावर राबणाऱ्या माणसाचा, पेशवाईतल्या कुळाचा, यरुशलेमच्या भिकाऱ्याचा राज्य बुडण्यात काय हात? दोष वाटून टाकला की खरा दोषी सुटतो. हा आक्षेप मी वजनदार मानतो, आणि त्याला उत्तर हिब्रू ग्रंथातच आहे. तिथे दोष सरसकट वाटलेला नाही. दास ज्यांच्याकडे होते त्यांच्यावरच करार मोडल्याचा आरोप आहे. शहर पडल्यावर बाबेलच्या सेनापतीने ज्यांच्याकडे काहीच नव्हते अशा गरिबांना देशात ठेवले आणि त्यांना द्राक्षमळे व शेते दिली, हे आपल्याच पराभवाची कथा सांगताना त्यांनी लपवले नाही. ज्यांना आपल्या राजाच्या राज्यात जमीन मिळाली नाही त्यांना ती शत्रूकडून मिळाली, यापेक्षा जळजळीत टीका कोणत्याही बखरीत सापडायची नाही. उपवास सगळ्यांचा आहे, आरोप मात्र नावनिशीवार आहे.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. परक्या सम्राटाने जबरीने घेतलेली शपथ मोडणे हा गुन्हा कसा? पारतंत्र्य भोगलेल्या आपल्यासारख्या वाचकाला सिद्कीयाचे बंडच खरे तर योग्य वाटायला हवे. यहेज्केल संदेष्ट्याने त्या शपथभंगाबद्दल राजाला कठोर दोष दिला आहे. आजचा वाचक ते स्वीकारेलच असे नाही, आणि त्याने स्वीकारावे असा माझाही आग्रह नाही. बाबेलचे बळ पाहता शहर तसेही पडले असते, असेही इतिहासकार म्हणू शकतो. पण यिर्मयाचा चौतिसावा अध्याय मिटवायला या दोन्ही गोष्टी पुरत नाहीत. बाबेलपासून सुटका मागणारे लोक आपल्या घरातल्या दासाला सुटका द्यायला तयार नव्हते, हा त्यांच्या स्वातंत्र्यलढ्यातला दोष आहे, आणि तो बाबेलने लादलेला नव्हता. पतनाची लष्करी कारणे सम्राटाकडे शोधावीत. नैतिक कारणे शोधताना यिर्मया घराच्या उंबऱ्यावर थांबतो. पराभूतालाच दोष देणारे धर्मकारण म्हणून त्याच्यावर टीका झाली आहे, पण त्याने दुबळ्याला दोष दिलेला नाही. दुबळ्याला दिलेला शब्द फिरवणाऱ्याला दिला आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे. बेने इस्रायल शतकानुशतके इतर ज्यूंपासून तुटून राहिले होते, बरेचसे विधी त्यांना दाविद रहाबी या शिक्षकाने आणि पुढे कोचीनच्या ज्यूंनी पुन्हा शिकवले. मग बिरड्याचा रोजा खरोखर प्राचीन कशावरून? तो पूर्वजांनी बरोबर आणला की नंतर शिकला, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण उपवास स्वतः किती जुना, हे सांगता येते. जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात, पर्शियाचा राजा दारयावेश याच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५१८ मध्ये, काही लोक विचारायला येतात : मंदिर पुन्हा उभे राहत आहे, तर पाचव्या महिन्याचा शोक आता चालू ठेवायचा का? म्हणजे सत्तर वर्षांच्या आतच तो रूढ झाला होता. आणि उत्तर काय मिळते? संदेष्टा हो किंवा नाही म्हणत नाही. तो न्यायाने वागा, विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांना नाडू नका, हे जुन्या संदेष्ट्यांचे सांगणे पुन्हा समोर ठेवतो. उपवासाचा दुवा त्याने थेट त्या चौतिसाव्या अध्यायाशी जुळवून दिला. कोकणात हा रोजा उशिरा पोचला असे धरले, तरी शिकलेली गोष्ट वालाच्या टोपल्यात आणि श्रावणाच्या पावसात अशी मुरवणे हे उसनवारीचे लक्षण नाही.

भीतीत दिलेला शब्द भीती गेल्यावर पाळायचा, याचे या समाजाला एक जिवंत उदाहरणही मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सुटलो तर सिनेगॉग बांधीन असा त्यांनी नवस केला, अशी परंपरा आहे. ते सुटले आणि १७९६ मध्ये मुंबईत ‘शआर हरहमीम’ उभे राहिले. मुंबईतले हे पहिले सिनेगॉग. एकोणिसाव्या शतकात शिक्षण वाढले तसा मजकूरही मराठीत आला. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (१८३४-१९०५) हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि १८८० मध्ये बेंजामिन सॅमसन अष्टमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढून जुन्या करारातल्या कथा पूर्वरंग-उत्तररंगाच्या बांधणीत, साकी-दिंडीच्या चालींवर गायला सुरुवात केली. हरिदासी कीर्तनाची घडण त्यांनी निःसंकोच घेतली. हिब्रू कथांवर मराठीत झालेला हा विचार आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात अजून तळटीपेतच पडून आहे.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. इकडे उरलेल्या ज्यूंना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. पण दर्जाने घरातली रीत टिकत नाही. तयार पुस्तके आणि आंतरराष्ट्रीय वळणाचे पंचांग आल्यावर नवव्या आवला जगभर जे करतात तेच सगळीकडे होणार, आणि बिरड्याचे नाव आजी-आजोबांच्या बोलण्यात तेवढे उरेल. ठाण्याचा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांना, इथल्या महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांना म्हणून विनंती आहे : शिलाहार, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज या क्रमात ठाण्याचा इतिहास संपवू नका. बिरड्याचा रोजा कोणत्या घरात कसा पाळला जाई, त्या रात्री कोण काय वाचे, वाल कुठून येत, राजाची गोष्ट मुलांना कोणत्या शब्दांत सांगितली जाई, हे विचारून लिहून घ्या. सांगू शकणाऱ्या स्त्रिया अजून ठाण्यात आहेत, आणि मराठीतच सांगतील.